आई-बाबांना घेऊन मेलबर्नहून मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकापर्यंत कॅरॅव्हॅनने जाता येईल का? हायवेने जावं की ऊडनाडाटा ट्रॅकने?

तुमच्या प्रश्नात इतकी माहिती आहे की उत्तर नेमकं देता येतंय. तुम्ही दोघं आणि नाशिकहून येणारे आई-बाबा (वय 66 आणि 71), हाताशी अठरा दिवस, जुलै महिना. कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याची; टेअर (रिकामं वजन) 1,550 किलो आणि एटीएम (सामान भरून जास्तीत जास्त चालणारं वजन) 1,900 किलो. तुमच्या एसयूव्हीची ओढण्याची मर्यादा 2,000 किलो. बाबांना इन्सुलिन लागतं. आणि 'खरा आउटबॅक', म्हणजे आतला ओसाड ऑस्ट्रेलिया, बघायचा म्हणून परतीला ऊडनाडाटा ट्रॅक घ्यायचा विचार आहे.

जा, नक्की जा. पण दोन्ही वेळेला डांबरी स्टुअर्ट हायवेनेच. ऊडनाडाटा ट्रॅक या वेळी नको.

मी अ‍ॅडलेडमध्ये राहते. आमचं कुटुंब हिवाळ्यात उत्तरेकडे कॅरॅव्हॅन घेऊन जातं आणि सासूबाईही दोन-तीनदा बरोबर आल्यात. या प्रवासात मी प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नावर घासून बघते: इथे काही बिघडलं तर मदत किती लांब आहे? रस्ता कुठला, पाणी किती, संध्याकाळी कधी थांबायचं, औषधं कुठे ठेवायची, सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी ट्रॅकबद्दल, कारण तुमचं मन तिथे अडकलंय असं वाटतं. मारी ते मार्ला हा जवळजवळ 620 किमीचा कच्चा रस्ता जुन्या घान रेल्वेच्या आणि तारायंत्राच्या मार्गाला धरून जातो. वाटेत जमिनीतून फुटणारे झरे आहेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 15 मीटर खाली असलेलं काटी थांडा अर्थात लेक आयर आहे. सुंदरच आहे तो. पण त्या रस्त्यावर आडव्या लाटांसारखे खडबडीत पट्टे उठलेले असतात, त्यांना इथे 'कॉरुगेशन्स' म्हणतात. तासन्‌तास त्यावरून गेलं की साध्या कॅरॅव्हॅनचे स्क्रू सैल होतात, कपाटांची दारं निखळतात, पाण्याच्या टाकीचे पट्टे तुटतात, आणि धूळ ज्या फटीतून आत येते ती फट तुम्हाला कधी दिसतही नाही. अणकुचीदार दगडांनी टायर फाटतात. भाड्याच्या करारात बहुधा 'डांबरी रस्ता सोडायचा नाही' असं कलम असतं, तुमच्याही असेल, वाचून बघा. म्हणजे तिथे काही मोडलं की विमा नाही, आणि टो करून आणायचं बिल हजारो डॉलर्समध्ये जातं. शिवाय पाऊस. एक चांगली सर आली तरी चिकणमातीचा चिखल होतो, रस्ता बंद करतात आणि तो कित्येक दिवस उघडत नाही. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड आहे, कारण त्यात पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि पुढे सगळ्यांनाच त्रास होतो. अठरा दिवसांत तुमच्याकडे तिथे अडकून पडायला दिवस नाहीत, आणि बाबांचं इन्सुलिनही मोजकं असणार.

आणि हायवेने गेलं तर खरा आउटबॅक दिसत नाही, हे मला मान्य नाही. पोर्ट ऑगस्टा सोडलं की तासाभरात झाडं खुजी होतात, माती लाल होते आणि क्षितिज चारही बाजूंनी खाली सरकतं. कच्च्या रस्त्याची हौस कूबर पेडीत भागवा. कॅरॅव्हॅन मुक्कामाच्या पार्कमध्ये ठेवून नुसती गाडी घेऊन गावाच्या उत्तरेला ब्रेकअवेजच्या टेकड्या बघायला जा. त्याचा पास गावातच मिळतो. पांढऱ्या, पिवळ्या, तांबूस रंगांच्या त्या टेकड्यांजवळूनच डिंगो कुत्र्यांना रोखणारं, 5,000 किमीहून लांब कुंपण जातं. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. मात्र निघण्याआधी रस्ता उघडा आहे का ते पासाच्या काउंटरवर विचारा.

आता अंतरं. मेलबर्न ते अ‍ॅडलेड साधारण 730 किमी, पुढे पोर्ट ऑगस्टा 310, कूबर पेडी 540, मार्ला 235, नॉर्दर्न टेरिटरीची हद्द ओलांडल्यावर कुलगेरा 180, अर्लडंडा 75, आणि तिथून डावीकडे लॅसिटर हायवेने उलुरूशेजारचं युलारा गाव 250. एका बाजूचे 2,300 किमी. कॅरॅव्हॅन मागे असताना ताशी 90 च्या पुढे जाऊ नका आणि दिवसाला चारशेच्या आत राहायचा प्रयत्न करा. म्हणजे जायला सात दिवस, यायला सात. उरतात चार. त्यातला एक कूबर पेडीला, दोन उलुरूला आणि एक राखीव. राखीव दिवस राखीवच ठेवा, वारा, पंक्चर किंवा आईची कंबर यासाठी तो लागतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज आणि किंग्ज कॅन्यन या खेपेला सोडा. सोडवत नसेल तर कॅरॅव्हॅन मेलबर्नऐवजी अ‍ॅडलेडहून भाड्याने घ्या, दोन दिवस तरी वाचतील.

जुलैचा पहिला पंधरवडा शाळांच्या सुट्ट्यांचा असतो. तुम्हाला शाळेचं बंधन नसेल तर ऑगस्टमध्ये निघा. गर्दी कमी, रात्री जराशा कमी बोचऱ्या. जुलैत मध्य ऑस्ट्रेलियात दिवसा वीसच्या आसपास छान ऊन असतं, पण पहाटे पारा शून्यापर्यंत उतरतो. नाशिकची थंडी काढलेल्या माणसांनाही ही कोरडी थंडी लागते. त्यामुळे रोजचा मुक्काम विजेच्या साइटवर, म्हणजे 'पॉवर्ड साइट'वर घ्या आणि छोटा विजेचा हीटर ठेवा. एक गोष्ट आई-बाबांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: उबेसाठी गॅसची शेगडी आत कधीही पेटवून ठेवायची नाही आणि छताजवळच्या किंवा जमिनीजवळच्या जाळ्या कापडाने बुजवायच्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस जातो.

वजनाचा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण नवखे लोक नेमके इथेच फसतात आणि रस्त्यावर त्याचे परिणाम फार वाईट होतात. एटीएममधून टेअर वजा केलं की तुमच्याकडे 350 किलो उरतात. 80 लिटरच्या दोन टाक्या भरल्या की 160 किलो गेले. 9 किलो गॅसची पोलादी बाटली भरलेली असताना अठरा-वीस किलोची होते. दोन बाटल्या टेअरमध्ये धरलेल्या नसतील तर आणखी चाळीस. राहिले 150. त्यात चार माणसांची अंथरुणं, कपडे, धान्य, कुकर, खुर्च्या, टेबल, हत्यारं, पाण्याचा पाइप, विजेची केबल. दीडशे किलो म्हणजे माणशी चाळीससुद्धा नाही. म्हणून आईंचा मोठा पितळी डबा आणि लोखंडी तवा यांतला एकच बरोबर घ्या.

गाडीचा हिशोब वेगळा. हिचवर, म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅनच्या जोडावर येणारा भार (टो बॉलवरचं वजन) कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या दहा टक्के धरा. तुमच्या बाबतीत 190 किलो. हा भार गाडीच्या अंगावर येतो. चार माणसांचे 280 मिळवा, झाले 470. तुमच्या गाडीच्या जीव्हीएममधून, म्हणजे भरून जास्तीत जास्त चालणाऱ्या वजनातून, तिचं रिकामं वजन वजा केल्यावर जेवढे किलो राहतात, त्यातून हे 470 गेले की डिकीत काय घालता येईल ते कळेल. टो बॉलची मर्यादाही मॅन्युअलमध्ये वेगळी लिहिलेली असते, ती पण बघा. निघायच्या आधी सगळं भरून, चौघं बसून, सार्वजनिक वजनकाट्यावर जा. अंदाजाने चालत नाही.

जड सामान खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवा, मागच्या टोकाला काही नको. मागे भार झाला की कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हलू लागते. तसं झालंच तर पायाने ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरून हळूहळू पाय काढा आणि ब्रेक कंट्रोलरच्या हाताच्या कळीने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावा. ती कळ कुठे आहे हे अंधारातही हाताला कळलं पाहिजे, आणि ते तुमच्या दोघांनाही. मेलबर्नमधल्या एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्स आणि ही कळ, दोन्हींचा सराव करून घ्या.

दर वेळी थांबून निघताना हिच, साखळ्या, दिव्यांचा प्लग, वर घेतलेलं जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनच्या पुढचं आधाराचं चाक), दुमडलेली पायरी, बंद छताची झडप, बंद गॅस हे एकाच माणसाने बघायचं. ते चाललेलं असताना बाकीच्यांनी त्याच्याशी बोलायचं नाही. आमच्याकडे हा नियम घरातल्या सर्वांना लागू आहे, सासूबाईंनासुद्धा.

इंधन. कॅरॅव्हॅन जोडली की तुमच्या गाडीचा खप दीडपट ते पावणेदोनपट होईल, समोरून वारा असेल तर त्याहून जास्त. पोर्ट ऑगस्टाच्या पुढचं पिंबा ते कूबर पेडी हा साडेतीनशेहून अधिक किमीचा टप्पा आहे. मधल्या रोडहाउसचा (हायवेवरच्या पेट्रोल-खाण्याच्या ठिकाणाचा) पंप चालू असेल असं गृहीत धरू नका. पिंबाला टाकी काठोकाठ भरा आणि वीस लिटरचा कॅन जवळ ठेवा, मात्र तो कॅरॅव्हॅनच्या आत ठेवायचा नाही. आदिवासी वस्त्यांजवळच्या काही पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी 'लो अ‍ॅरोमॅटिक' पेट्रोल ('ओपल' या नावाने ओळखलं जाणारं) मिळतं. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा बसावा म्हणून तयार केलेलं हे इंधन आहे आणि साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला ते चालतं.

पाणी माणशी रोज दहा लिटर धरा, पिणं-स्वयंपाक-भांडी सगळं मिळून. पिण्याचं पाणी टाकीतून न घेता वेगळ्या दहा-दहा लिटरच्या कॅनमध्ये ठेवा, म्हणजे टाकी गळली तरी पिण्याचं शिल्लक राहतं. त्यातला एक कॅन कायम गाडीत. पोर्ट ऑगस्टाला सगळं भरून घ्या. पुढे बऱ्याच ठिकाणी बोअरचं खारट पाणी असतं, डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. कूबर पेडीत नाणी टाकून चांगलं पाणी भरता येतं. अंघोळी पार्कच्या बाथरूममध्ये करा. कॅरॅव्हॅनमधला संडास फक्त रात्रीसाठी ठेवला तर कॅसेट, म्हणजे त्याची मैल्याची टाकी, रोज रिकामी करावी लागत नाही, आणि ती फक्त त्यासाठी ठरवलेल्या डम्प पॉइंटलाच रिकामी करायची असते.

व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं आणता येत नाहीत. फळमाशीमुळे टोमॅटो, मिरच्या, वांगी यांनाही बंदी आहे, आणि दंड मागेपुढे न बघता करतात. तेव्हा पहिले दोन दिवस पोहे, मेतकूट-भात, भाजणीचं थालीपीठ यांवर काढा आणि भाजी अ‍ॅडलेडला घ्या. पोर्ट ऑगस्टानंतर भाजी महाग होत जाते. कुकर जरूर न्या, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. पिठलं, मुगाची खिचडी आणि लसणाची चटणी या तीन गोष्टींवर आम्ही आठवडा काढतो आणि कुणाची तक्रार नसते.

बाबांच्या इन्सुलिनबद्दल. कॅरॅव्हॅनचा फ्रिज बहुधा तीन प्रकारे चालणारा असतो: चालत्या गाडीत 12 व्होल्टवर, थांबल्यावर गॅसवर, पार्कमध्ये विजेवर. तो दर वेळी हाताने बदलावा लागतो आणि कॅरॅव्हॅन समतल उभी नसेल तर नीट गार करत नाही. थंड रात्री त्याच्या मागच्या पट्टीजवळ ठेवलेली वस्तू गोठूही शकते, आणि गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं म्हणून समजा. म्हणून आत एक थर्मामीटर ठेवा, इन्सुलिन दाराच्या कप्प्यात ठेवा, आणि अर्धा साठा गाडीतल्या थंड पिशवीत वेगळा. डॉक्टरांची चिठ्ठी मूळ नावांसह हवी. भारतातून आलेल्या पाहुण्यांना इथली सरकारी आरोग्यसेवा, मेडिकेअर, नाही, त्यामुळे प्रवास विमा घेताना जुनं दुखणं लिहून द्या आणि विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते वाचून घ्या. कूबर पेडीला छोटं रुग्णालय आहे, युलाराला दवाखाना आहे, मोठं रुग्णालय थेट अ‍ॅलिसला. या भागाला रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा आधार आहे. जॉन फ्लिन या पाद्रीने 1928 मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीला ती सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी पायाने पेडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ दूरच्या घरांमध्ये पोचू लागला. रोडहाउसच्या काउंटरवर त्यांचा डबा दिसला की मी त्यात पैसे टाकल्याशिवाय पुढे जात नाही.

मोबाइलची रेंज गावाबाहेर काही मिनिटांतच जाते. टेल्स्ट्राचं सिम घ्या, बाकीच्यांवर अवलंबून राहू नका. आपत्तीत उपग्रहावर संकेत पाठवणारा पीएलबी भाड्याने मिळतो, तो घ्या. यूएचएफ रेडिओ गाडीत बसवा: हायवेवरचे ट्रकवाले 40 नंबरच्या चॅनलवर असतात, कॅरॅव्हॅनवाले बरेचदा 18 वर. रोड ट्रेन म्हणजे तीन ट्रेलर जोडलेला, 53.5 मीटरपर्यंत लांब ट्रक. तो मागून ओलांडू लागला तर वेग स्थिर ठेवा, आपली रेघ सोडू नका, रेडिओवर 'वाट मोकळी आहे' असं सांगा. तो शेजारून जाताना हवेच्या झोतामुळे गाडी बाहेर ढकलल्यासारखी आणि त्याच्याकडे खेचल्यासारखी होते. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवलं तर ते घाबरणार नाहीत आणि त्यांच्या ओरडण्याने तुम्ही दचकणार नाही.

दुपारी चारला मुक्कामी पोचा. सूर्य कलला की कांगारू रस्त्यावर येतात, आणि कुंपण नसलेल्या भागात गुरंही. रात्री गाडी चालवायची नाही, यात अपवाद करू नका.

आणि गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. 1963 च्या डिसेंबरमध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅक या अशाच कच्च्या रस्त्यावर पाच जणांच्या एका कुटुंबाचं इंधन संपलं. पाणी शोधायला ते गाडी सोडून निघाले आणि पाचही जण दगावले. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, चालत निघालेला माणूस दिसत नाही. तुम्ही हायवेवर असाल, तासाभरात कुणीतरी थांबेलच. बॉनेट उघडा आणि सावलीत बसा.

वाटेतल्या दोन जागा आई-बाबांसाठी. पिंबाच्या पुढे रस्त्याच्या उजव्या हाताला लेक हार्ट हे मिठाचं तळं लागतं. तिथे थांबून चहा घ्या, बाजूने घानची गाडी गेली तर भाग्य. तिचं नाव पडलं ते 'अफगाण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंटवाल्यांवरून. त्यांच्यातले बरेच जण खरं तर बलुचिस्तान, पंजाब, सिंधमधले होते, आणि 1866 मध्ये उंटांचा मोठा तांडा पोर्ट ऑगस्टाला उतरला तो कराचीहून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तारायंत्राचे खांब, लोकरीच्या गासड्या, रेल्वेचं सामान या वाळवंटातून त्यांनी वाहिलं. तुमच्या बाबांना इतिहासाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यांना हे जरूर सांगा. आजही रस्त्याच्या कडेला जे रानउंट दिसतात ते त्याच उंटांचे वंशज.

दुसरी जागा कूबर पेडी. 1915 मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल हे रत्न सापडलं आणि उन्हाळ्याच्या भाजणाऱ्या उष्म्यामुळे लोक जमिनीखाली घरं कोरून राहू लागले. आत बारा महिने पंचवीसच्या आतबाहेर तापमान असतं. जमिनीखालचं सर्बियन चर्च बघा. गावाबाहेर मात्र हजारो उघड्या विहिरींसारखे खड्डे आहेत. फोटो काढताना मागे मागे सरकू नका.

उलुरूच्या दिवशी लॅसिटर हायवेवर डाव्या हाताला सपाट माथ्याचा डोंगर दिसेल आणि सगळे एकदम 'उलुरू!' म्हणतील. तो माउंट कॉनर. अजून बरंच जायचंय. राष्ट्रीय उद्यानात तंबू-कॅरॅव्हॅन चालत नाही, मुक्काम युलाराच्या कॅम्पग्राउंडमध्ये. 1985 मध्ये ही जमीन तिच्या मूळ मालकांना, अनंगू लोकांना, परत मिळाली आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून खडकावर चढणं कायमचं बंद झालं. मला हे फार योग्य वाटतं. त्याऐवजी भोवतीने चाला. पूर्ण फेरी 10.6 किमीची आहे, सपाट वाट. सासूबाई तिला प्रदक्षिणा म्हणाल्या आणि अनवाणी चालायला निघाल्या होत्या, आम्ही कसंबसं बूट घालायला लावले. तुमच्या आईंना पूर्ण जमणार नसेल तर मुटिजुलू पाणवठ्यापर्यंतची छोटी वाट पुरेशी आहे, तिथे गुहेतली जुनी चित्रंही आहेत. काही भागांचे फोटो काढू नयेत असे फलक लावलेत, ते पाळा.

रात्री जेवणं झाली की दिवे मालवून सगळ्यांनी दहा मिनिटं बाहेर बसा. महाराष्ट्रात वृश्चिक रास दक्षिणेला कलून दिसते. इथे जुलै-ऑगस्टमध्ये ज्येष्ठा नक्षत्र जवळजवळ थेट डोक्यावर येतं आणि आकाशगंगेचा सर्वात दाट पट्टा त्याच्या शेजारून जातो. बाबांना आकाशातलं थोडंफार कळत असेल तर तेच तुम्हाला दाखवतील.

युलाराचं बुकिंग आजच करा, तारखा बदलल्या तरी बदलून मिळतात का ते विचारून. आणि तुमच्या गाडीचं मॉडेल किंवा जीव्हीएम प्रतिक्रियेत लिहिलंत तर वजनाचा पूर्ण हिशोब मी मांडून देते.